प्रवेशपरीक्षेचा सराव : कसा आणि कोणासाठी?

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या वेळी केलेले भाषण)



डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून आज येथे जमलेल्या आपल्या कुटुंबांसमोर दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. आयुष्याची बत्तीस वर्षे हातात खडू घेऊन उभा राहिलेला मी एक साधा शिक्षक आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात वक्तृत्वापेक्षा शिकवणीच अधिक आढळली, तर आपण उदार मनाने क्षमा करावी.

ज्या मुलामुलींना आताच पारितोषिके मिळाली त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः मागच्या रांगांत बसलेल्या मुलांविषयी. आपल्या सभेने या वर्षापासून आठवीच्या मुलांसाठी दर रविवारी सभागृहात एक सराववर्ग चालविण्याचे ठरविले आहे. नवोदय विद्यालयाच्या नववीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी हा त्या वर्गाचा पहिला हेतू. हा निर्णय स्तुत्य आहे. तथापि वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन प्रश्नांचा निकाल लागला पाहिजे, असे मला वाटते. सराव कसा करावयाचा, हा पहिला प्रश्न. आणि तो कोणी करावयाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी अनुभवाने देऊ शकेन. दुसऱ्याचे उत्तर आपणा सर्वांना मिळून द्यावयाचे आहे.

प्रथम ही परीक्षा काय आहे ते पालकांसाठी थोडक्यात सांगतो. नवोदय विद्यालये १९८५-८६ साली सुरू झाली. पहिली दोनच होती. एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आपल्या महाराष्ट्रात अमरावतीस. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय पालघर तालुक्यातील माहीम येथे आहे. सहावीच्या प्रवेशातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात, एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात, आणि राहणे, जेवण, पुस्तके यांचा खर्च सरकार करते. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मराठीतून देता येते. मात्र ती आयुष्यात एकदाच देता येते. ज्याची ती संधी हुकली त्याच्यासाठी नववीच्या वेळी दुसरे दार उघडते, पण ते अरुंद असते. विद्यालयात ज्या जागा रिकाम्या असतील तेवढ्याच भरावयाच्या असतात. या परीक्षेत १०० प्रश्न आणि अडीच तास वेळ. गणिताचे ३५, विज्ञानाचे ३५, इंग्रजीचे १५ आणि हिंदीचे १५. म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिट. आणि प्रश्नपत्रिका असते ती इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांत. आपल्या मुलाची सारी शाळा मराठीतून झालेली असते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. कारण माझी पुढील सारी कहाणी तिच्यावरच उभी आहे.

काही वर्षांपूर्वी तलासरीकडील एका पाड्यावरचा एक मुलगा माझ्याकडे सरावासाठी येत असे. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. घरी वारली बोली, शाळेत मराठी. मुलगा कष्टाळू होता. मी त्याला बाजारातून सरावपुस्तके आणून दिली. रोज किती पाने झाली हे मी विचारी, आणि तो आकडा सांगे. चार महिन्यांत त्याने तीन पुस्तके संपविली. मला मोठे समाधान वाटले. पुस्तके अर्थात मराठीत होती, कारण ती त्याला समजत, आणि समजतात म्हणून तो भराभर पुढे जाई. परीक्षा झाली त्या संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “गुरुजी, ‘इन्व्हर्स प्रपोर्शन’ म्हणजे आपले व्यस्त प्रमाणच का?” मी होय म्हणालो. “आणि हिंदीत ‘प्रतिलोम समानुपात’ लिहिले होते, ते पण तेच?” मी पुन्हा होय म्हणालो. तो म्हणाला, “मग मला ते येत होते.”

बंधूंनो, त्याची निवड झाली नाही. एका प्रश्नामुळे ती हुकली असे मी म्हणणार नाही. अशा शब्दांचे आणखी किती प्रश्न त्याने सोडून दिले असतील, ते त्यालाच ठाऊक. परंतु “मला ते येत होते” हे चार शब्द मला आजही झोपू देत नाहीत. दोष त्याचा नव्हता. मी पाने मोजली, चुका मोजल्या नाहीत. आणि परीक्षा कोणत्या भाषेत आहे हे ठाऊक असूनही ज्या भाषेत शिकविणे मला सोपे त्याच भाषेत सराव करून घेतला. माझ्या अपयशातून मला जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे शब्दांची वही. तिच्यात तीन रकाने आखावे: मराठी, हिंदी, इंग्रजी. मराठीतील ‘अवयव’ हिंदीत ‘गुणनखंड’ होतो आणि इंग्रजीत ‘फॅक्टर’. आपला ‘समभुज चौकोन’ तिकडे ‘समचतुर्भुज’ आणि ‘ऱ्हॉम्बस’. विज्ञानात ज्याला आपण ‘आम्लारी’ म्हणतो त्याला हिंदीत ‘क्षारक’ आणि इंग्रजीत ‘बेस’ म्हणतात. पुष्कळ शब्द मात्र मराठीत आणि हिंदीत एकच आहेत. बल, दाब, घर्षण, प्रकाशसंश्लेषण हे शब्द हिंदीच्या ओळीत वाचले की ओळखीचे वाटतात; तेव्हा ज्याला इंग्रजी ओळ अडते त्याने घाबरून प्रश्न सोडण्याआधी खालची हिंदी ओळ वाचावी. रोज पाच शब्द लिहिले तरी आठवीच्या गणित-विज्ञानाचे बहुतेक सारे शब्द तीन महिन्यांत वहीत येतात. यासाठी पैसा लागत नाही. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, आणि तिच्या फलाटावर पुढच्या गाडीची वर्दी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांत होत असते. आपली मुले ती कानांनी ऐकतातच. आता तोच क्रम वहीत उतरवावयाचा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे चुकांची वही. प्रश्न चुकला की मुले बरोबर उत्तर पाहतात, ‘अच्छा’ म्हणतात आणि पुढे जातात. हा सराव नव्हे. चूक झाली की ती कोणत्या जातीची, हे ठरविले पाहिजे; आणि जातीचा विचार एवढ्यापुरताच उपयोगी आहे, असे विनोदाने म्हणावयास हरकत नाही. चुकीचे तीन प्रकार मी मानतो. ठाऊक नव्हते म्हणून झालेली चूक. शब्द कळला नाही म्हणून झालेली चूक. आणि ठाऊक असून घाईने झालेली चूक. पहिलीला पाठ्यपुस्तक हा उपाय, दुसरीला शब्दांची वही, आणि तिसरीला सवय. तिन्हींवर एकच औषध दिले तर रोग हटत नाही.

गणिताचे उदाहरण घ्या. एका वाडीतील चिकू उतरविण्यास १२ माणसांना १० दिवस लागतात, तर १५ माणसांना किती दिवस लागतील? पर्यायांत ८ असतो आणि साडेबाराही असतो. घाई करणारा मुलगा साडेबारावर खूण करतो, कारण परीक्षक त्याची चूक आधीच ओळखून बसलेला असतो. त्या मुलाला मी एकच गोष्ट सांगतो: आकडेमोड करण्यापूर्वी मनाशी विचार, उत्तर वाढणार की घटणार? माणसे वाढली तर दिवस वाढतील काय? वाडीत वाढलेल्या मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही. परीक्षेच्या खोलीत मात्र तो आपली वाडी विसरतो. दुसरे उदाहरण पाहा. चिकूच्या पेटीचा भाव १०० रुपये होता. तो २० टक्क्यांनी उतरला आणि नंतर २० टक्क्यांनी चढला. आता भाव किती? दहांतील सात मुले शंभर म्हणतात. वस्तुतः उतरल्यावर भाव ८० झाला, आणि वाढ झाली ती ८० वर, म्हणजे १६ रुपयांची. उत्तर ९६. बागायतदाराच्या घरच्या मुलाने हे गणित एकदा समजून सोडविले, तर ते परीक्षेपुरतेच नव्हे, जन्मभर उपयोगी पडेल.

विज्ञानाच्या बाबतीत तर आपला परिसर हीच प्रयोगशाळा आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले, आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घराबाहेर झोपलेल्या त्या रात्री आपण कोणी विसरलेलो नाही. आता प्रश्न असा: ४ तीव्रतेच्या भूकंपापेक्षा ६ तीव्रतेच्या भूकंपात किती पट ऊर्जा बाहेर पडते? मुले दीडपट म्हणतात, कारण ती सहाला चाराने भागतात. खरे उत्तर सुमारे हजारपट आहे; ही मोजपट्टी फूटपट्टीसारखी सरळ नाही, तिच्यात एका अंकाने चढले की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. ज्या मुलाने जमीन हललेली पायाखाली अनुभवली आहे, तो हे उत्तर एकदा समजल्यावर विसरणार नाही.

तसेच आपले औष्णिक वीजकेंद्र. १९९५ पासून तेथे ५०० मेगावॉटचे दोन संच मिळून उभे आहेत. कोळसा जळताना गंधकाचा डायऑक्साइड वायू निघतो, पाण्यात मिसळला की आम्ल होतो, आणि त्याचा त्रास झाडांना पोहोचतो. चिकूच्या वाड्यांच्या काळजीने लोकांनी पुष्कळ वर्षे पाठपुरावा केला, आणि २००७ साली तो वायू समुद्राच्या पाण्याने धुऊन काढण्याची यंत्रणा तेथे सुरू झाली. समुद्राचेच पाणी का? कारण ते किंचित अल्कधर्मी असते, आणि आम्लाला उदासीन करते. ‘उदासिनीकरण’ ही पुस्तकातील व्याख्या मुले पाठ करतात आणि विसरतात. पण आपल्या धुरांड्याशी आणि आपल्या खाडीशी ती जोडून दिली, की प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी उत्तर येते. कोळीवाड्यातील मुलाला उधाण आणि भांग यांचा फरक शिकवावा लागत नाही. त्यामागे सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण आहे, एवढेच सांगावयाचे उरते.

इंग्रजीची धास्ती मात्र मुलांपेक्षा पालकांनाच अधिक. पंधरा प्रश्नांसाठी इंग्रज होण्याची गरज नाही. रोज दहा ओळींचा एक उतारा मोठ्याने वाचावा, आणि पुस्तक मिटून त्याचा आशय घरातल्या कोणाला तरी मराठीत सांगावा. आईला इंग्रजी येत नसेल तर उत्तमच. तिला समजेपर्यंत सांगावे लागते, आणि त्यातच मुलाला स्वतःला समजते. व्याकरणात आपल्या मुलांची अडचण ठरावीक असते. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, ‘वर’ हा शब्दाच्या मागे येतो. इंग्रजीत तो पुढे येतो. आपल्याकडे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ असे काही नसल्याने ती सर्वत्र गाळली जातात. या दोन ठिकाणी जो मुलगा थांबून पाहील, त्याच्या निम्म्या चुका कमी होतील.

आणि वर्ग कसा चालवावा? महिन्यातील एका रविवारी घड्याळ लावून पूर्ण शंभर प्रश्नांचा पेपर. उरलेले तीन रविवार त्याच पेपरातील चुकांसाठी. दर रविवारी नवा पेपर द्यावा असा मोह होईल, आणि पालकही तसेच मागतील, कारण पेपरांचा गठ्ठा डोळ्यांना दिसतो, सुधारलेली चूक दिसत नाही. तो मोह आपण आवरला पाहिजे. मी तो आवरला नाही, आणि त्याची किंमत एका मुलाने दिली.

आता दुसरा प्रश्न. हा वर्ग कोणासाठी?

कार्यकारिणीच्या बैठकीत यावर मतभेद झाला, हे येथील बहुतेकांना ठाऊक आहे. आणि तो उघडपणे मांडण्याची परवानगी अध्यक्षांनी मला दिली, हा त्यांचा मोठेपणा. काही ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे असे की, सभागृह आपल्या वर्गणीतून उभे राहिले, पुस्तके आपल्या देणग्यांतून येणार, तेव्हा वर्ग ज्ञातीतील मुलांपुरताच असावा. शिवाय जागा मोजक्या. बाहेरच्या मुलाला आपणच तयार केले आणि त्याने आपल्या मुलाची जागा घेतली तर? हे म्हणणारे बंधू संकुचित वृत्तीचे आहेत असे मी मुळीच मानत नाही. सभागृहाच्या विटांसाठी ज्यांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, त्यांतीलच ते आहेत. त्यांच्या शंकेला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

प्रामाणिक उत्तर असे की, होय, तसे घडू शकेल. आपल्या वर्गात बसलेला दुसऱ्या समाजाचा मुलगा निवडला जाईल आणि आपला राहील, हे शक्य आहे. परंतु ती जागा आपली होती आणि त्याने ती घेतली, असा हिशेब मात्र चुकीचा आहे. परीक्षेला साऱ्या जिल्ह्यातील मुले बसतात. आपण दार लावल्याने त्यांतील एकही कमी होणार नाही. उलट, जो मुलगा दुसऱ्याला गणित समजावून देतो त्याचे स्वतःचे गणित पक्के होते, हे मी बत्तीस वर्षे पाहिले आहे. समजावून देण्यासारखा सराव नाही, आणि त्यासाठी समोर कोणीतरी बसलेले असावे लागते.

आणखी एक गोष्ट. आपल्यांतील किती वडीलधारी मंडळी बोर्डीच्या शाळेत शिकली? हात वर करा म्हटले तर निम्मे सभागृह हात वर करील. १९२० साली गोखले एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या त्या शाळेला सुनाबाई पेस्तनजी हकीमजी या पारशी बाईंचे नाव आहे. आपल्या आजोबांना वर्गात घेताना त्यांची ज्ञात कोणी विचारली नाही. त्याच बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी अंगणवाडी काढली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. म्हणजे शाळाच उठून मुलांकडे गेली. आपल्याला तेवढे कष्ट घ्यावयाचे नाहीत. आपल्याला रविवारी फक्त दार उघडे ठेवावयाचे आहे.

तलासरी तालुक्यात आदिवासी बांधव बहुसंख्य आहेत. त्यांच्या मुलांना मराठी हीच दुसरी भाषा. हिंदी तिसरी, इंग्रजी चौथी. आपल्या मुलांना तीन रकान्यांची वही लागते, त्यांना चार रकान्यांची. असे मूल आपल्या मुलाशेजारी बसले, तर भाषेची अडचण म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे, हे आपल्या मुलांनाही कळेल. प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न येत नाही. तरी त्याचे उत्तर प्रत्येकाला यावयास हवे.

पालकांना शेवटी एवढेच सांगतो. निवड झाली नाही म्हणून मुलाला बोल लावू नका. दार अरुंद आहे. पुष्कळ चांगली मुले बाहेर राहणारच. पण वर्षभरात भरलेल्या त्या दोन वह्या कोणी हिरावून घेत नाही. दहावीला, पुढे बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षांना त्याच उपयोगी पडतात. आणि मुलींना संध्याकाळी घरी पोहोचविण्याची व्यवस्था झाली नाही तर पहिल्या महिन्यातच त्यांची संख्या रोडावेल. तेव्हा तीही जबाबदारी या सभेतच कोणी तरी उचलावी.

त्या मुलाविषयी मी सांगितले, त्याचे पुढे काय झाले असे आपण विचाराल. दहावीनंतर तो वापीच्या एका कारखान्यात लागला. कष्टाची भाकरी खातो. त्यात कमीपणा नाही. पण त्याला शिकावयाचे होते. गेल्या महिन्यात तो मला तलासरीच्या नाक्यावर भेटला. सराववर्गाची बातमी त्याच्या कानावर गेली होती. थोरल्या बहिणीची मुलगी यंदा आठवीत आहे, म्हणाला. मग थोडा घुटमळला आणि म्हणाला, “गुरुजी, तिला पाठवले तर चालेल का?”

मला तेथे उत्तर देता आले नाही. “विचारून सांगतो,” एवढेच मी म्हणालो. ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, तो प्रश्न मी आज आपणांस विचारीत आहे. आपले उत्तर काय ते सर्वसाधारण सभेत ठरावाच्या वेळी कळेलच. ते मी स्वतः त्याच्या पाड्यावर जाऊन सांगेन, आणि ते ‘चालेल’ असेच असावे, अशी माझी आपणां सर्वांना हात जोडून विनंती आहे.